जागलीवरचं बायबल : एका सोलर खोक्याचा रिव्ह्यू

हे खोकं म्हणजे बायबल वाचून ऐकवणारा सोलर स्पीकर. वर छापलं आहे, ‘खरा आनंद, आता तुमच्या हातात’. खाली एका हसऱ्या कुटुंबाचा फोटो, चौघांचेही दात पांढरेशुभ्र. किंमत साडेअठराशे, कुरिअरचे नव्वद वेगळे. आत मेमरी कार्डावर मराठी नवा करार (बायबलचा दुसरा भाग), काही गीतं आणि ‘संदेश’ नावाचा एक फोल्डर. कंपनीचं नाव देत नाही, कारण पुढं तक्रारी आहेत आणि एकाच साच्यातली ही खोकी वेगवेगळी स्टिकरं लावून चारचौघं विकतात. तुमच्याकडे येईल ते याचंच भावंड असेल.

मी मोटार रिवायंडिंग करतो. पांढरकवड्याच्या बाजूला दुकान आहे. तीन-पाच एचपीच्या मोटारी, झटका मशीन (शेताच्या तारेत विजेचा झटका सोडणारं), इन्व्हर्टर, जे येईल ते. त्यामुळे नवीन वस्तू हातात आली की आधी स्क्रू काढून आत पाहायचं आणि मग चालू करायची, ही खोड आहे. आनंदाचं नंतर सांगतो, आधी आतलं.

आत १८६५० मापाचा एकच लिथियम सेल आहे, ३.७ व्होल्टचा, वर २००० एमएएच लिहिलेलं. हाच सेल टॉर्चमध्ये आणि पॉवर बँकेत असतो. म्हणजे उद्या मेला तर तालुक्याच्या बाजारात दुसरा मिळतो, खोकं फेकावं लागत नाही. फक्त तो होल्डरमध्ये न ठेवता सरळ सोल्डर केला आहे, तेव्हा घरी बदलता येणार नाही, मोबाइलवाल्याकडं न्यावं लागेल. स्पीकर छोटा आहे पण फाटत नाही. माणसाचा आवाज स्वच्छ येतो, गाण्यात मात्र ढोलकीचा नुसता डब्बा होतो.

खरी गोम सोलरमध्ये आहे. पाठीवर तळहाताएवढं पॅनल आहे, भर उन्हात ते एखादा वॉट देतं. सेलात साडेसात वॉट-तासांच्या आसपास मावतं. हिशेब तुम्हीच करा. सकाळी ठेवलेलं संध्याकाळी कुठं भरतं, ‘दोन तासांत फुल चार्ज’ ही थाप आहे. ढगाळ दिवसात तर नावच घेऊ नका. त्याहून वाईट म्हणजे पॅनल खोक्याच्याच पाठीवर आहे, त्यामुळे पॅनलला ऊन द्यायचं तर सेलही उन्हात भाजायचा. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर तापलेला असताना चार्ज करू नये असा नियम आहे. आमच्याकडं मे महिन्यात सावलीतच पारा तिथं जाऊन टेकतो, मग काळ्या प्लास्टिकच्या आत काय होत असेल! उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत उन्हात ठेवा आणि उचलून घ्या. पावसाळ्यात साधा मोबाइलचा चार्जर लावा, टाइप-सी पिन चालते.

आता कोणीही विचारेल की मराठी बायबल फोनवर फुकट ऐकायला मिळतं, मग साडेअठराशे कशाला घालायचे? मीही हेच म्हणत होतो. पण हे आईसाठी घेतलं. आई उमरीच्या मिशन दवाखान्यात आया होती. काचबिंदूनं तिची नजर जवळजवळ गेली आहे. मोठ्या अक्षरांचं बायबल अजून उशाशी असतं, पण ते आता हात ठेवण्यापुरतं. टचचा फोन तिला चालत नाही. बोट कुठं लागतं आणि काय उघडतं ते कळत नाही, मधेच कोणाचा फोन येतो, मधेच जाहिरात. या खोक्याला पाच ठळक बटणं आहेत. मी मधल्या बटणावर एम-सीलचा एक ठिपका लावून दिला. तेवढ्या ठिपक्यावर ती आता कोणाला हाक न मारता सुरू करते आणि बंद करते.

वाचन एकट्या माणसाचं नाही. वेगवेगळ्या माणसांचे आवाज आहेत, मागं लाटा, गर्दी, वारा. काहींना हे नाटकी वाटेल, मला आवडलं. मार्कच्या चौथ्या अध्यायात येशू नावेत झोपलेला असतो आणि समुद्रात वादळ येतं, तिथं तर इतका जोरदार पाऊस घातला आहे की आईनं आतून ओरडून सांगितलं, ‘‘अगे पोरी, तूर भिजून राहिली ना, उचला लवकर!’’ बाहेर लख्ख ऊन होतं.

दुपारी ओट्यावर तूर निवडायला शेजारच्या बाया जमतात, तेव्हाही खोकं चालू असतं. आई ठिपका चाचपून मधेच थांबवते आणि पुढचं स्वतः सांगायला लागते. त्या दोन तासांत खोक्यापेक्षा तिचंच जास्त चालतं. नजर गेल्यापासून ती गप्प झाली होती, कोणी विचारलं तरच बोलायची. आता वाचणाऱ्याशीच वाद घालते, ‘‘लय घाई करते हा माणूस, थांब म्हना त्याले.’’ खोक्याला गती कमी करायचं बटण नाही. द्यायला हवं होतं.

आता जागलीचं. आमचं शिवार टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला आहे. रानडुकरं आणि रोही (नीलगाई) उभं पीक झोपवतात, वर वाघाची भीती, म्हणून रात्री एकट्यानं कोणी जागलीला जात नाही. माझ्या बांधाला बांध लागून एक काकाजी आहेत, माळकरी, दरवर्षी न चुकता पंढरीला जाणारे. आम्ही दोघं एकाच मचाणावर बसतो. आई झोपली की खोकं मी घेऊन जातो, मूळ विचार हा की माणसाचा आवाज चालू राहिला तर डुकरं लांब राहतील. (सुरुवातीला राहिली. मग त्यांनाही सवय झाली. या कामासाठी घेणार असाल तर झटका मशीन घ्या.)

असंच एका रात्री लूकचा पंधरावा अध्याय लागला. हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं, आणि मग तो बाप आणि त्याची दोन पोरं. धाकटा म्हणतो, माझा हिस्सा आत्ताच द्या. इथंच काकाजी उठून बसले. ‘‘बाप जिवंत असताना?’’ मी म्हटलं, हो जी. ‘‘मंग तं बापाले मेलाच समजला तो.’’ मी चाळीस वर्षं ही गोष्ट ऐकतो आहे, संडे स्कूलमध्ये चित्रासकट शिकलो आहे, पण मागणीतली धार मला एका वाटणीची भांडणं पाहिलेल्या शेतकऱ्यानं दाखवली.

पुढं पोरगा पैसा उडवतो, दुष्काळ पडतो आणि तो डुकरं राखायला लागतो. काकाजी हसले, ‘‘घ्या! आपन हाकलून राहिलो, तो राखून राहिला.’’ मग तो घरी येतो, म्हातारा बाप धावत जातो, पुष्ट वासरू कापायला सांगतो. वासराच्या ठिकाणी काकाजींनी तोंड वाकडं केलं, पण ऐकत राहिले. मोठा पोरगा शेतातून येतो. घरात गाणं-बजावणं चाललेलं ऐकतो आणि आत जायला तयार होत नाही. इतकी वर्षं राबलो, मला कधी एक करडूही दिलं नाही, म्हणतो.

‘‘मोठ्याचं काय चुकलं जी, मिस्तरी? ढोरासारखा राबला तो.’’

मी काही बोललो नाही, कारण मी मोठा आहे. धाकट्यानं वडील होते तेव्हाच आपल्या वाटच्या दोन एकरांचे पैसे उचलले आणि नागपूर गाठलं. आई, शेत, सोसायटीचं कर्ज सगळं माझ्याकडं. काकाजींना हे सगळं ठाऊक आहे, गावात कोणाचं काय झाकलेलं असतं?

गोष्टीत बाप बाहेर येतो. धाकट्यासाठी जसा धावला तसा मोठ्यासाठीही घर सोडून अंगणात येतो, त्याची समजूत घालतो. माझं ते सगळं तुझंच आहे, म्हणतो, पण आज आनंद करणं भाग होतं. आणि तिथं अध्याय संपतो. ‘‘मंग? गेला का तो आंदर?’’ काकाजींनी विचारलं. तोवर खोक्यानं सोळावा सुरू केला होता, बेइमान कारभाऱ्याची गोष्ट. त्यांना वाटलं, रेकॉर्डिंग खराब आहे, मधला तुकडा गेला. मी मागं घेऊन पुन्हा लावलं. लूकनं ते सांगितलेलंच नाही. मोठा पोरगा अंगणातच उभा आहे.

नंतर पहाटेपर्यंत आम्ही सोयाबीनच्या भावावर बोललो. पण धाकट्याशी फोनवर बोलताना हल्ली माझा आवाज चढत नाही, असं बायको म्हणते. मला स्वतःला फरक जाणवत नाही. ती बाजूला बसून ऐकत असते, तिचं खरं असेल.

गीतांचा फोल्डर थोडक्यात उरकतो, तसा तो आहेच थोडक्यात उरकण्याजोगा. सगळी गाणी कीबोर्डवर, आवाजाला विहिरीत गेल्यासारखा घुमारा, दोन तर हिंदीवरून उचललेली. आईच्या पिढीला टिळकांची भजनं पाठ आहेत. ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तो अभंग-कीर्तनाचा ठेका सोबत घेऊनच, टाळ-मृदंगावर म्हणता येतील अशी गीतं त्यांनी ख्रिस्ती मंडळीला दिली. त्यातलं एकही इथं नाही. मराठी माणसाला विकायच्या वस्तूत ही कंजुषी का, कळत नाही.

तिसरा फोल्डर ‘संदेश’. इथं मात्र मला थांबून बोलायचं आहे. बहुतेक संदेशांत एकच माणूस ओरडतो. आईनं पहिला ऐकतानाच विचारलं, ‘‘बाबू, हा भांडून राहिला का सांगून राहिला?’’ यवतमाळला १९५३ साली बायबलचं मोठं कॉलेज सुरू झालं होतं, १९८३ ला ते पुण्याला हललं. तिथली तरुण मुलं खेड्यापाड्यांत उपदेशाला येत, तो तिचा नमुना. हळू बोलायची, पुस्तकातली ओळ दाखवून बोलायची, म्हणते. पण ओरडणं सोडा. काय ओरडतो ते ऐका. विश्वास ठेवा, दशमांश (कमाईचा दहावा वाटा) देत राहा, शेत दुप्पट पिकेल, कर्ज फिटेल, पोरीला स्थळ चालून येईल. दुःख उरलं असेल तर विश्वासात खोट आहे.

२०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भातला कापूस खाल्ला. आमच्या मंडळीत दशमांश नेमानं देणारे होते आणि नुसतं नाताळला तोंड दाखवणारेही. बोंडं दोघांचीही सारखीच किडली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसेक शेतकरी-मजूर गेले. अशा एखाद्या घरात बसून हा फोल्डर लावायची माझी छाती नाही. ज्या कोणी तो भरला त्यानं एकदा येऊन लावून दाखवावा.

गंमत अशी की याला उत्तर बाहेरून आणावं लागत नाही, त्याच कार्डावर पहिल्या फोल्डरमध्ये आहे. फिलिप्पैकरांस पत्र लावा. चारच अध्याय, डबा खाऊन होईपर्यंत संपतात. पानोपानी आनंद करा, आनंद करा म्हणणारं हे पत्र प्रेषित पौलानं बेड्यांत असताना लिहिलं. आणि ज्या गावाला लिहिलं त्याच गावात आधी त्याला आणि त्याचा सोबती सीला याला फटके मारून, पाय खोड्यात अडकवून आतल्या तुरुंगात टाकलं होतं. मध्यरात्री ते दोघं स्तोत्रं गात होते आणि बाकीचे कैदी ऐकत होते, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात येतं. पत्राच्या शेवटी तो सांगतो की भरल्या पोटी कसं राहायचं आणि उपाशी कसं राहायचं, दोन्ही मी शिकलो. दुप्पट पिकाची गोष्ट कुठंच नाही. योहानाच्या पंधराव्या अध्यायात येशू शिष्यांना माझा आनंद तुमच्यात राहो असं म्हणतो, ती रात्रसुद्धा तो धरला जाण्याची आहे, दुसऱ्या दिवशी वधस्तंभ. हे मी मंडळीत तुटक तुटक ऐकलं होतं. या रविवारी हा तुकडा, पुढच्या रविवारी तो. खोक्यानं सलग ऐकवलं तेव्हा कळलं की नव्या करारात आनंद जिथं जिथं येतो तिथं आजूबाजूला तुरुंग, उपास, मार, मरण असतंच. माझ्या घराच्या आजूबाजूलाही हेच असतं, म्हणून मला तो खरा वाटतो. ओरडणाऱ्याचा वाटत नाही.

संदेशाचा फोल्डर मी कार्डावरून उडवून टाकला. जागाही झाली, आणि ती लागणारच होती, कारण आईची तक्रार वेगळीच निघाली. कार्डावर नवा करार आहे, जुना नाही, आणि त्यातली स्तोत्रसंहिताही नाही. ‘‘स्तोत्रं नाई?’’ ती म्हणाली, ‘‘मंग रडाचं कशावर?’’

तिचं बरोबर आहे. दीडशे स्तोत्रांत कितीतरी नुसती गाऱ्हाणी आहेत. देवा, किती दिवस? का विसरलास? अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची ओळसुद्धा नाही. आईला ते तोंडपाठ आहे आणि वडिलांच्या वर्षदिवशी ती तेच म्हणते. स्तोत्रं गाळून ‘खरा आनंद’ विकायला काढणं म्हणजे अर्धा माल देऊन पुरे पैसे घेणं. काही कंपन्या स्तोत्रं टाकून देतात म्हणे, घ्यायच्या आधी विचारा.

आम्ही तोड काढली ती सांगतो, कोणाच्या कामी येईल. पोरगी नववीत आहे. आजी सांगेल ते स्तोत्र तिनं मोठ्या अक्षरांच्या बायबलमधून वाचलं आणि फोनवर रेकॉर्ड केलं. फाइल एमपी३ मध्ये करून कार्डावर टाकायची आणि नावाआधी ००१, ००२ असे आकडे द्यायचे, नाहीतर खोकं आपल्या मनानं क्रम लावतं आणि तेविसावं स्तोत्र शेवटी जाऊन बसतं. नव्या फोल्डरला वेगळं नाव द्या. स्टुडिओची सफाई अर्थातच नाही. बेचाळिसाव्यात कुकरची शिट्टी आहे, एक्कावन्नाव्यात आमची म्हैस. अश्रूंनी पेरणारे हर्षानं कापणी करतील हे जिथं येतं ते एकशे सव्विसावं पोरीनं तीनदा वाचलं, कारण आजीनं दोनदा नापास केलं. बाया जमल्या की आता हाच फोल्डर आधी लागतो, आणि पैसे मोजलेला नवा करार नंतर.

तर घ्यावं का? घरात नजर गेलेलं, किंवा वाचता न येणारं माणूस असेल आणि त्याला पुस्तक ऐकायचं असेल, तर डोळे मिटून घ्या. ज्यांना फोन चालवता येतो त्यांनी पैसे वाचवावेत. सगळा नवा करार म्हणजे २६० अध्याय, वीस-एक तासांचं ऐकणं आहे. पहिल्यापासून क्रमानं ऐका, मत्तयाच्या सुरुवातीच्या वंशावळीला कंटाळू नका, दोन-तीन मिनिटांत संपते. निराश मनानं घेऊन लगेच बरं वाटायची वाट पाहणार असाल तर मात्र हे ते औषध नाही. जीव नकोसा होण्याइतकं असेल तर घरच्यांशी, पाळकांशी, डॉक्टरांशी बोला, खोकं नंतर. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. अर्धा सोलरच्या थापेचा कापला, एक तिसऱ्या फोल्डरचा. स्तोत्रांचा काप आईनं सांगितला होता, पण तेवढं पोरीनं भरून काढलं.

वॉरंटी सहा महिन्यांची लिहिली आहे, पण बिलावर शिक्का नव्हता. मागून घ्या.

काकाजींनीही एक मागवलं आहे. कार्ड कोरं करून त्यात अभंग भरून द्याल का, असं विचारत होते. दिले भरून. सेल त्यांच्या खोक्यात होल्डर लावून बसवला आहे, त्याचे साठ रुपये वेगळे घेतले.